गवताचं बी पडू द्या

यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी, गायकी, बचत गटांतल्या बाया, सरपंच, शिक्षक आणि गावोगावची तरुण पोरं-पोरी, तुम्हा सगळ्यांना हे आवाहन आहे.

पोळा झाला. माळावरचं गवत निसवायला लागलं आहे. येत्या पाच-सहा आठवड्यांत पवन्याचं आणि मारवेलीचं बी पिकेल, वाळेल आणि जमिनीवर पडेल. ज्या गावात ते पडू दिलं जाईल, तिथला माळ पुढच्या मृगात पुन्हा उठेल. ज्या गावात बी धरण्याआधीच गवत बुडापर्यंत चारलं किंवा नांगरलं जाईल, तिथे त्याच जागी तरोटा, रानतुळस आणि गाजरगवत येईल. एकदा त्यांनी जम बसवला की गवत परत आणायला वर्षं लागतात. वेळ फार थोडा उरला आहे. २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा आहे. त्या ग्रामसभेत एक विषय लावून धरा: आपल्या गावच्या ई-क्लास जमिनीवरच्या गवताचं यंदा आपण काय करणार?

ई-क्लास म्हटलं की आपल्याला मोकळी, बिनमालकीची जागा आठवते. समाजमंदिर बांधायचं, काढा ई-क्लासमधून. मुरूम पाहिजे, उचला ई-क्लासमधून. रोपवनाचं उद्दिष्ट आलं, खड्डे घ्या ई-क्लासमध्ये. सौरप्रकल्पाला जागा हवी, तीही तिथेच. प्रत्येक काम आपल्या जागी योग्य वाटतं आणि प्रत्येक वेळी दोन-चार हेक्टरच जातात. पण त्या जमिनीवर आधीपासून काहीतरी उभं होतं, गावातली गुरं त्यावर जगत होती आणि त्यात पाखरं अंडी घालत होती, याची नोंद कुठल्याच प्रस्तावात होत नाही. कागदावर ती जमीन पडीक असते.

पूर्वी असं नव्हतं. इंग्रजी अमलात वऱ्हाडच्या जंगलांची वर्गवारी झाली तेव्हा लाकूड आणि जळणाचं जंगल वेगळं ठेवलं, गवताचे राखीव रमणे वेगळे ठेवले आणि गुरांच्या चराईचं जंगल वेगळं ठेवलं. त्या सरकारचा हेतू महसुलाचा होता, रयतेच्या कल्याणाचा नव्हता. तरीही गवत ही राखून ठेवण्यासारखी संपत्ती आहे, एवढं त्यांच्या दप्तराला कळत होतं. त्याच्याही आधीपासून बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. त्या वाहतुकीचं इंधन म्हणजे वाटेवरचं गवत. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात आज जे तांडे वसलेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांना कुठल्या माळावर कुठल्या महिन्यात कोणतं गवत मिळेल हे पाठ होतं. गोवारी आणि गवळी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना हे ज्ञान अजून आहे. ती माणसं आहेत तोवर त्यांच्यासोबत एकदा माळावर जा. कोणत्या गवताने दूध वाढतं, कोणतं गवत कोवळं असतानाच चारायचं, कोणत्या गवताला गुरं तोंड लावत नाहीत, हे ते उभ्या उभ्या सांगतील.

आपल्या माळाची जात कोणती, हे शास्त्रानेही नोंदवून ठेवलं आहे. स्वातंत्र्यानंतर देशभरातल्या गवताळ प्रदेशांची मोठी पाहणी झाली आणि १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतातल्या गवताच्या आच्छादनाचे त्यांनी पाच मोठे प्रकार मांडले. त्यातला दख्खनच्या पठाराचा आणि मध्य भारताचा प्रकार म्हणजे पवन्या आणि मारवेल कुळांचं गवत. आपला जिल्हा त्यातच येतो. इथे पाऊस बरा पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे आठ महिने कोरडे. बरडावर मातीचा थर वीतभर, खाली काळा दगड. अशा जमिनीवर दाट जंगल उभं राहत नाही. तिथे गवत आणि मधेमधे पळस, बोर, बाभूळ, हीच निसर्गाची भरगच्च रचना आहे. झाडं नाहीत म्हणून माळ उजाड आहे, असं समजून आपण त्याचं फार नुकसान केलं.

गवताचा जीव जमिनीलगत असतो. झाडाचा शेंडा खुडला की त्याची वाढ अडते. गवताचं पातं अर्ध्यावर चरलं तरी बुडाशी असलेल्या कोंबातून ते पुन्हा वाढतं. म्हणून गुरांनी खाल्ल्याने गवत मरत नाही. ते मरतं विसावा न मिळाल्याने. पवन्यासारखं बहुवर्षायू गवत हिवाळ्यात आपला साठा मुळांत उतरवतं आणि त्या साठ्यावर पुढच्या पावसाला फुटतं. पावसाळाभर त्याला मान वर काढू दिली नाही तर मुळं आखडतात, ठोंब झिजतो आणि दोन-तीन वर्षांत जागा रिकामी होते. मग तिथे आधी कुसळी वाढते. कुसळीच्या बियाला पिळाची शेपटी असते. ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि बी गोल फिरत स्वतःला मातीत रोवून घेतं, म्हणून ती तग धरते. कोवळी कुसळी गुरं खातात, पण कुसळं आली की ती तोंडात रुततात. त्यानंतर पाळी येते बारीक, एका हंगामाच्या गवतांची, जी दसऱ्यापर्यंत वाळून उडून जातात. आणि शेवटी रानतुळस.

तुमचा माळ यातल्या कोणत्या पायरीवर आहे, हे पाहायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. या आठवड्यात जा आणि पाहा. गुडघ्याच्या वर आलेलं, गुच्छाने वाढलेलं पवन्या अजून दिसतं का? नाल्याच्या काठाला मारवेल आहे का? की सगळीकडे तिखाडीच उभी आहे? तिखाडीच्या उग्र वासामुळे गुरं तिला सोडून बाकीचं सगळं चरतात, म्हणून जिथे ती एकटीच माजलेली दिसते तिथे चांगलं गवत ओरबाडलं गेलं आहे असं समजायला हरकत नाही. जिथे पवन्याचे चार ठोंब जरी शिल्लक असतील, तिथे आशा आहे. तीच जागा यंदा वाचवायची आहे.

हे फक्त गुरांपुरतं आहे असं कोणाला वाटेल. आपल्या शेतीचा हिशेब काढून बघा. ज्वारी गेली, तिच्यासोबत कडबा गेला. सोयाबीनच्या कुटारावर आणि विकतच्या ढेपेवर बैलजोडी किती दिवस पोसणार? वैरण नाही म्हणून बैल विकले, बैल गेले म्हणून वखरणी-डवरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली, शेणखत संपलं आणि रासायनिक खताची पोती वाढली. कापूस पिकवणाऱ्याच्या खर्चात यातली प्रत्येक गोष्ट येऊन बसते. धुऱ्यावरचं गवत तरी राहिलं असतं, पण त्यावर आता तणनाशकाचा पंप चालतो. फवारणीच्या विषाने २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यातली वीसहून जास्त माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, पण विष हाताळण्याची सवय एकच आहे. धुऱ्यावर विळा चालवा. धुऱ्यावरची मारवेल दोन गायींचा हिरवा चारा देते आणि बांधाची माती धरून ठेवते.

आणि वाघाचं काय? पांढरकवडा-राळेगाव भागातल्या माणसांना हे सांगायला नको. २०१६ पासून दोन वर्षांत तिथे १३ माणसं गेली. त्यांच्या मृत्यूचं कारण म्हणून टी-१ वाघिणीकडे बोट दाखवलं गेलं आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. तिच्या मारण्यावरून देशभर वाद झाला. त्या वादात गायक्यांचा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. गावाजवळ चराई असती तर माणसं गुरं घेऊन इतक्या आत, झुडपांच्या गर्दीत गेली असती का? गायरान आकसतं तसा गायकी जंगलाकडे सरकतो. जंगलातल्या गवताच्या जागी घाणेरी आणि रानतुळस माजली की चितळ आणि रोही शेताकडे सरकतात, आणि त्यांच्यामागे वाघही येतो. रात्ररात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याला रोह्याचा राग येणं साहजिक आहे. त्या रागाचा थोडा भाग माजलेल्या रानतुळशीवर काढा, एवढं माझं म्हणणं आहे.

टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं आहे. तिथे वाढलेला एक तरुण वाघ २०१९ साली निघाला आणि शेतं, नाले, माळ ओलांडत १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता म्हणून ती वाट कळली. ती वाट आपल्या गावांच्या शिवारातून जाते. वाघाचं लोक पाहतात. पण त्याच वाटेवरच्या माळावर लांडगा, खोकड, धाविक, चंडोल राहतात आणि हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या उतरतात. रात्री ते उंच गवतात, थेट जमिनीवर झोपतात. वर्धा नदीच्या पलीकडे वरोऱ्याच्या शिवारात माळढोक असायचा. आपल्या शेजारच्या वाशीम-अकोला भागात तणमोर येतो. पावसाळ्यात गवतावरून उडी मारून मादीला साद घालणारा हा पक्षी आज जगातल्या अतिशय दुर्मीळ पक्ष्यांत गणला जातो. तिथल्या फासेपारधी समाजाने, ज्यांच्या वाडवडिलांचं पोट शिकारीवर होतं, ‘संवेदना’ संस्थेच्या सोबतीने शिकार सोडून गवताळ माळ राखायला घेतले. ज्यांच्याकडे सातबारा नाही, ज्यांना गावकुसाबाहेरही नीट राहू दिलं गेलं नाही, त्या लोकांनी हे केलं. आपल्याकडे ग्रामपंचायत आहे, ठरावाचं रजिस्टर आहे, रोजगार हमीची कामं आहेत.

आता झाडांबद्दल, कारण यावर वाद होईल. राज्यात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. शेवटच्या वर्षीचं उद्दिष्ट ३३ कोटींचं होतं. झाड लावणारा हात वाईट नसतो. पण चांगल्या गवताच्या माळावर खड्डे आणि चर घेतले की पवन्याचे ठोंब मुळासकट उपटले जातात, उघड्या मातीवर तण येतं, आणि उन्हाळ्यात रोपं मेली की दोन्हीही हातचं जातं. गावठाणात, शाळेत, पांदणीच्या दोन्ही बाजूंनी, धुऱ्यावर, नाल्याकाठी झाडं लावा, भरपूर लावा. जिवंत गवत असलेल्या माळावर नको. वन विभागातल्या अधिकाऱ्यांनाही हीच विनंती आहे. जाळरेषा १५ फेब्रुवारीच्या आत जाळल्या जातातच. त्याच काळजीने गवत बी टाकेपर्यंत माळ जळणार नाही हेही पाहा. मोहफुलं आणि तेंदूपत्त्यासाठी दरवर्षी न चुकता लावलेल्या आगीतून बहुवर्षायू गवत कसंबसं वाचतं, पण जमिनीवर पडलेलं बी आणि पाखरांची घरटी वाचत नाहीत.

सौरप्रकल्पांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या जात आहेत आणि त्यात गायरानंही आहेत. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची खरी गरज आहे, तिला माझा विरोध नाही. पण ग्रामपंचायतीने ना-हरकत देण्याआधी ती जमीन चालून पाहावी. जिथे नुसता दगड उघडा पडला आहे ती जागा द्या. वणी परिसरात कोळसा खाणींनी मातीचे डोंगर घातले आहेत, तिथे पॅनल बसतील का हे विचारा. गावातलं सर्वांत चांगलं गवत ज्या तुकड्यावर आहे तो मात्र देऊ नका.

आणि अतिक्रमण. इथे मला जपून बोलावंसं वाटतं, कारण गवत वाचवण्याच्या नावाखाली गरिबाची झोपडी मोडणं सोपं आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पडीक सरकारी जमिनीसाठी. गायरानावर दोन-तीन एकर वाहून पोट भरणारे दलित आणि आदिवासी हे गवताचे शत्रू नाहीत. १९७८ ते १९९० दरम्यानची त्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारने स्वतः घेतला आहे आणि कित्येकांचे कागद अजून अडकून पडले आहेत. ते आधी मार्गी लावा. २०२२ मध्ये उच्च न्यायालयासमोर गायरानावरच्या दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा आकडा आला, तेव्हा सगळ्यांत आधी घाबरली ती हीच माणसं. ज्यांच्याकडे आधीच पन्नास एकर आहे आणि जे धुरा दरवर्षी दोन तास गायरानात सरकवतात, त्यांच्याबद्दल ग्रामसभेत बोलण्याची हिंमत करा.

कायदा आपल्या बाजूने आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांसाठी चराईची जमीन राखून ठेवता येते. निस्तारपत्रकाची तरतूद तर त्या कायद्यात खास विदर्भासाठी आहे: गावकऱ्यांनी कुठे चराई करायची, लाकूडफाटा कुठून आणायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. जगपालसिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दल सगळ्या राज्यांना निर्देश दिले. वनहक्क कायद्याने चराईचा हक्क आणि सामूहिक वन राखण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीच्या कोलाम आणि गोंड गावांनी तो वापरावा. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जा. गावात ई-क्लास किती, कोणत्या गट नंबरात, आणि त्यावर आज काय आहे, याची नक्कल मागा. हे काम गावातल्या कॉलेजच्या पोरांनी हातात घ्यावं.

माळ राखायचा म्हणजे कुंपण घालून गुरांना कायमचं बाहेर काढायचं, असं मी म्हणत नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींची चराई एकदम बंद केली. पाण्यातलं गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांना जागा उरली नाही, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून चराईचा उपयोग पुढे आला. गुरं हवीत, फक्त पाळीपाळीने. ई-क्लासचे तीन भाग करा. एक भाग यंदा बी पडेपर्यंत राखा, बाकी दोन भागांत चराई चालू द्या. पुढच्या वर्षी दुसरा भाग राखा, मग तिसरा. कोणता भाग आधी राखायचा हे गायक्याला विचारूनच ठरवा, आणि त्याच्या ढोरांना त्या काळात कुठे न्यायचं हेही त्याच बैठकीत ठरवा. हे ठरलं नाही तर राखण आठ दिवसही टिकणार नाही. बी पडल्यावर राखलेल्या भागातलं वाळलं गवत कापून घरोघर न्या; अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि गवतकापणी यांच्या जोरावर दूध वाढवलं.

तण मात्र आत्ताच काढायला हवं. रानतुळस आणि तरोटा फुलांवर येत आहेत. जमीन ओली आहे तोवर ते मुळासकट सहज निघतात. बी धरल्यावर उपटलेलं तण म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी. मेळघाटात पुनर्वसन झालेल्या गावांच्या रिकाम्या जागी कुरणं उभी करण्यासाठी चिखलदऱ्याचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गजानन मुरतकर यांनी वन कर्मचाऱ्यांना गवतं ओळखायला आणि वाढवायला शिकवलं. मार्ग साधाच आहे, पण चिकाटी लागते: तण सलग दोन-तीन वर्षं फुलाआधी काढायचं आणि मोकळ्या जागी इथल्याच गवताचं बी टाकायचं. बाहेरून पाकिटातलं बी आणू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पवन्या आणि मारवेलीचे पिकलेले तुरे हाताने ओरपून घ्या, पण प्रत्येक ठोंबावर निम्मे तुरे सोडा. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. या बियाला काही महिन्यांची झोप लागते, त्यामुळे ते लगेच पेरून उपयोग नाही. जूनमध्ये माती आणि शेणाच्या गोळ्यांत घालून ते उघड्या जागेवर वरच्यावर टाका, खोल पुरू नका. मारवेलीचे ठोंब जुलैच्या झडीत लावले तर लवकर धरतात. शाळेतल्या मुलांना हे काम फार आवडेल.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष जगभरातली चराऊ कुरणं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं आहे. परिषदा होतील, भाषणं होतील. आपल्या गावचा निर्णय मात्र आपल्या चावडीवरच व्हायचा आहे.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. ती निघण्यापूर्वी विषय लेखी द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा होते. वैरणीचा भारा डोक्यावर आणणाऱ्या बायांनी तिथेच विषय मांडून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणाला तो टाळता येणार नाही. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली कमी असेल ती संख्या लागते, तेव्हा तांड्यावर आणि पोडावर जाऊन निरोप द्या. ठरावात राखीव पट्ट्याचा गट नंबर, राखणीची शेवटची तारीख आणि गायक्यांना दिलेला पर्यायी भाग, तिन्ही लिहून घ्या. सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागा, एक तहसीलदारांना आणि एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पोचवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर जाऊन राखीव पट्ट्याच्या चारही कोपऱ्यांवर दगड रचून चुना मारा.